दहाचा उंचवटा

२ मार्च, सोमवार

डॉक्टरीणबाईंच्या आज्ञेवरून ही वही सुरू करतो आहे. रोज एक पान, हाताने, शाईच्या पेनाने, घाई न करता. "औषध नाही का काही?" असं विचारलं तर म्हणाल्या, "कंप किरकोळ आहे काका, वयाचा आहे. चहा कमी करा आणि लिहीत जा." चहा कमी होणार नाही, म्हणून लिहितो आहे.

कंप किरकोळ असेल त्यांच्या लेखी. मी बेचाळीस वर्षं घड्याळं आणि मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत आलो. गेल्या महिन्यात एका मनगटी घड्याळाचा केसाएवढा स्क्रू चिमट्यातून तीनदा उडाला. तिसऱ्यांदा चहाच्या कपात सापडला. त्याच दिवशी ठरवलं, ३१ मार्चला दुकान बंद. शेजारच्या शिंप्याला जागा घेतोस का म्हणून विचारलं. तो नुसता "बघू" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी टेप घेऊन आला आणि खिडकी आणि दार मोजून गेला. म्हणजे घेणारच. लबाड आहे, पण शेजारी म्हणून चांगला आहे.

हिला सांगितलं तर ही म्हणाली, "बरं." छत्तीस वर्षं संसार झाला, हिच्या 'बरं'चा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आज दुपारी शाळेतल्या भूगोलाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, लांब वेणी, बोलायला लागल्या की थांबत नाहीत. लाकूड आणि काचेच्या पेटीतलं एक यंत्र त्यांनी टेबलावर ठेवलं. बॅरोग्राफ, म्हणजे हवेचा दाब कागदावर लिहीत जाणारं यंत्र. "शाळेच्या कपाटात पडून होतं. चावी दिली तर चालतं, पण रेघ मेल्यासारखी सरळ येते. वादळ आलं तरच हलते. तीस तारखेला प्रदर्शन आहे, तोवर जिवंत करून द्याल?" दुकानाचा पत्ता कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाल्या की वाचनालयात तुमच्या घरच्यांशी ओळख झाली. हिचं वाचनालय हल्ली फार वाढलंय.

वहीलाच फक्त सांगतो. मनाशी एक पण केला आहे. हे यंत्र नीट झालं तर हात अजून माझे आहेत, दुकान चालू राहील. नाही झालं तर शिंप्याला किल्ली.

४ मार्च, बुधवार

यंत्र उघडलं. जुन्या काळचं काम, बघून जीव सुखावतो. पत्र्याच्या पोकळ डब्यांची उतरंड असते. आतली हवा काढून टाकलेली, त्यामुळे बाहेरचा दाब वाढला की डब्या चेपतात, उतरला की फुगतात. ती हालचाल दांड्यांवरून चढत चढत मोठी होते आणि टोकाशी असलेल्या टाकापर्यंत पोचते. टाक एका ड्रमवर गुंडाळलेल्या कागदाला टेकलेला. ड्रमच्या पोटात चावीचं घड्याळ, आठवड्यात एक फेरी. सोमवारी कागद बदलायचा. बस्स, इतकंच.

आणि या सुंदर यंत्राचं कुणीतरी वाटोळं केलंय. सांध्यांचे स्क्रू आवळून टाकलेले, आणि वरून जाड ग्रीस थापलंय, तेही बैलगाडीच्या आखाला शोभेल असं. बिचारा टाक हलणार कसा? कोण हा अडाणी? त्याला मी माझ्या दुकानात झाडू मारायलाही ठेवणार नाही.

ग्रीस काढायला दोन दिवस लागतील. हात आज बरा होता. चहा चारच झाले.

६ मार्च, शुक्रवार

झालं! स्क्रू सैल केले, सांधे धुतले, एकेका सांध्याला डोळ्याला भिंग लावून सुईच्या टोकाएवढं तेल. चिमटा दोनदा थरथरला, पण काही उडालं नाही. अकरा वाजता टाकात शाई भरली, कागद लावला, चावी दिली. आता नुसतं बघत बसायचं.

घरी आल्यावर हिला म्हटलं, जमलं. ही म्हणाली, "मग दुकान?" मी म्हटलं, बघू. ही स्वयंपाकघरात जाऊन गुणगुणायला लागली.

९ मार्च, सोमवार

नाही जमलं.

आज कागद काढला. तीन दिवसांची रेघ, आणि रेघ कसली, उंटांची रांग. रोज दोन उंचवटे. सकाळी दहाच्या सुमारास टाक वर चढतो, दुपारी चारपर्यंत खाली उतरतो, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. सगळं मिळून दोन-अडीच मिलिबारचा फरक. पाच-सहा मजले चढून गेल्यावर दाब जेवढा उतरेल तेवढा. आता हे यंत्र काही रोज दोनदा जिना चढत-उतरत नाही.

बाहेर ऊन, आकाश निरभ्र, पान हलत नाही. मग टाक का हलतो?

बाबा सांगायचे, दोष रोज ठरल्या वेळी दिसला तर तो यंत्रात असतो नाहीतर खोलीत असतो. यंत्रात असेल तर तो माझ्या हातून राहिला. माझा हात कापतो, आणि मी दुरुस्त केलेलं यंत्रही कापतं. बाप तसा बेटा झाला.

जेवण गेलं नाही. हिने ताट लवकर उचललं.

११ मार्च, बुधवार

आधी खोलीचा दोष तपासायचा ठरवलं. भिंतीवरची लंबकाची तिन्ही घड्याळं बंद केली. दहाचा उंचवटा आला. यंत्र जिन्याखालच्या फडताळात हलवलं, उन्हाचा संबंधच नको. उंचवटा आला. मग जुन्या पत्र्याच्या पेटीत ठेवून वर हिची रजई गुंडाळली. उंचवटा आला, आणि संध्याकाळी ही रजई शोधत दुकानात आली.

हिच्या कुकरवरही संशय घेतला. दहाला ही डाळ लावते. "एवढ्या लांबून माझ्या कुकरचा दाब तुमच्या पेटीत जातो?" म्हणाली. तरी आज साडेअकराला लावायला सांगितला. जेवायला उशीर झाला, उंचवटा वेळेवर आला.

शेवटी शिंपी. त्याचं मशीन माझ्या भिंतीला लागून आहे आणि तो काम सुरू करतो दहालाच. त्याला म्हटलं, उद्या दहा ते बारा मशीन बंद ठेव.

"आणि गिऱ्हाइकांना काय सांगू? शेजारी हवेच्या नाडीवर बोट ठेवून बसलेत म्हणून?"

"तेच सांग."

१२ मार्च, गुरुवार

शिंपी दोन तास हात बांधून माझ्याच दुकानात बसला, चहा पीत. दहा वाजून दहा मिनिटांनी टाक सगळ्यात वर. शिंपी भिंग लावून बघत होता. म्हणाला, "मी थांबलो तरी जगाचं काही अडत नाही, हे आज स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. बायकोला सांगायला नको."

खोली निर्दोष ठरली. राहिलो मी.

१५ मार्च, रविवार

दिवसभर घरी. विशेष काही नाही. साडेपाचला हिच्या शिवणकामाच्या वर्गातल्या मैत्रिणीचा फोन आला, दर रविवारी येतो तसा. आतल्या खोलीत अर्धा तास खिदळणं. एवढं शिवणकामात हसण्यासारखं काय असतं? मध्येच हिचा आवाज आला, "गुडघा आता वाकतो ना? मग ठीक." मैत्रिणीच्या नवऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणे. माझ्या हाताची चौकशी कुणी करत नाही.

१६ मार्च, सोमवार

आठवड्याचा पूर्ण कागद हातात आला. सात दिवस, चौदा उंचवटे. यंत्राला चार ठिकाणी फिरवलं तरी रेघेत खंड नाही.

सकाळी एक विचार आला आणि मी उडालोच. दिवसातून दोनदा वर, दोनदा खाली, ही तर भरती-ओहोटी! समुद्राला येते तशी हवेला येत असेल, चंद्रामुळे. कागदावर पट्टी लावून मोजायला घेतलं आणि दहा मिनिटांत सगळा फुगा फुटला. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो. आठवड्यात त्याचा उशीर सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे सोमवारी दहाला आलेला उंचवटा रविवारी तीनला यायला हवा. इथे सोमवारीही दहा, रविवारीही दहा. असा रोज पन्नास मिनिटं उशिरा येणारा कारागीर मी दोन दिवसांत काढून टाकला असता, पण यंत्रात तो आलाच नव्हता. चंद्र सुटला, मी पुन्हा अडकलो.

१७ मार्च, मंगळवार

बाई डोकावून गेल्या. मी कागद लपवत होतो, त्यांनी हातातून ओढूनच घेतला. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तर बाई जागच्या जागी उडी मारायच्या बाकी.

"काका! हीच तर! हवेची भरती!"

मी म्हटलं, बाई, चंद्राचा हिशेब लागत नाही, मी करून बघितलाय. त्या म्हणाल्या, "चंद्राचीही असते, पण इतकी बारीक की वर्षानुवर्षांचे कागद मांडल्याशिवाय दिसत नाही. ही सूर्याची. ओढीने नाही, उन्हाने येते." मग सुरू झाल्या. दिवसभर सूर्य हवेला तापवतो, नुसती जमिनीजवळची नाही, वर उंच असलेला ओझोनचा जाड थर आणि खालची वाफसुद्धा. तापलेली हवा फुगते, रात्री आकसते, आणि त्या फुगण्या-आकसण्याची एक लाट सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे सगळ्या पृथ्वीला फेरी घालते. हवा जागची फारशी हलत नाही, लाट जाते.

"सूर्य तर दिवसातून एकदा येतो. उंचवटे दोन का?" मी विचारलं. मला वाटलं, पकडलं.

त्या म्हणाल्या, दिवसा तापणं आणि रात्री निवणं ही सरळ एका लयीची गोष्ट नाही, तिच्यात बारा तासांची लयही दडलेली असते. चोवीस तासांची लाट आखूड पावलांची. त्या जाड थरातून चालताना वरचा धक्का आणि खालचा धक्का एकमेकांना खोडतात. बारा तासांची लाट लांब पावलांची, तिला सगळ्या थराचा धक्का एकाच वेळी पाठीवर मिळतो. म्हणून तीच मोठी दिसते. अर्धं समजलं. पण बाई पुढेच गेल्या होत्या.

"आणि खाली दिसते ती काहीच नाही काका. हे बघा." त्यांनी आपली वेणी पुढे घेतली, जाड टोक डोक्याशी धरलं आणि बोटभर हलवलं. खालचं बारीक टोक सपकन उडालं आणि माझ्या शाईच्या दौतीत पडलं. "बघितलंत? लाट वर जाते तशी हवा विरळ होत जाते. तेवढीच ताकद, पण वाहून न्यायला हवा कमी. मग झोका मोठा मोठा होत जातो. शंभरेक किलोमीटर वर याच लाटेमुळे ताशी दीड-दोनशे किलोमीटरचे वारे सुटतात. आणि मग ती किनाऱ्यावरच्या लाटेसारखी फुटते. इथून नेलेली सगळी ताकद तिथल्या हवेला देऊन टाकते, ऊब म्हणून, वारा म्हणून."

वेणीला जांभळी शाई लागली होती. त्यांना पत्ताच नव्हता. दुकानात चहा घेऊन आलेली ही ओला रुमाल आणून पुसत बसली.

बोलणं गोड आहे, पण पुस्तकातलं आहे. माझ्या टेबलावर पुस्तक चालत नाही. मी म्हटलं, खरं असेल तर इथून पश्चिमेला राहणाऱ्या माणसालाही उंचवटा दहालाच दिसला पाहिजे, त्याच्या घड्याळातल्या दहाला. असा बॅरोग्राफ असलेलं कोण आहे ओळखीचं?

"धाकटे भावजी आहेत की," ही रुमाल पिळत म्हणाली.

मी म्हटलं, तो विषय नको. बाईंना उगाच काहीतरी काम आठवलं आणि त्या गेल्या.

१८ मार्च, बुधवार

काय लिहू? पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या आहेत, रोज. तर लिहितो.

सकाळी मनात पाप आलं. बाई काहीही म्हणोत, प्रदर्शनात लोक विचारणार, हे असं थरथरतं का? दुरुस्ती कुणी केली? एक सोपा उपाय होता. सांधे थोडे आवळायचे, जरा जाड तेल घालायचं. रेघ शांत, लोक शांत, मीही शांत. स्क्रू गाठायला यंत्र आडवं करून तळाची पट्टी काढली.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. काम पुरं झालं की यंत्राच्या पोटात, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, सुईने तारीख आणि आपली खूण कोरायची. पुढच्या कारागिराला कळावं, आधी कोणाचा हात लागलाय. ज्या अडाण्याने ग्रीस थापलं त्याचं नाव कळेल, म्हणून भिंग लावलं.

खूण माझी होती. तारीख पंधरा वर्षांपूर्वीची.

मग सगळं आठवलं. शाळेचंच यंत्र, तेव्हाचे मास्तर. "रेघ थरथरते, बंद करा" म्हणाले होते. धाकटा तेव्हा माझ्याबरोबर याच टेबलावर बसायचा. तो म्हणाला, "दादा, थरथर रोज एकाच वेळी आहे, म्हणजे ती कशाची तरी आहे. थोडे दिवस बघू." मी म्हटलं, बाबांनी काय शिकवलं ते विसरलास का? आणि आवळून टाकलं. मास्तर खूश. धाकटा म्हणाला, "तू याला बरं नाही केलंस, तू याचं तोंड दाबलंस." मी त्याला गिऱ्हाइकादेखत काय काय बोललो ते या वहीतही लिहिणार नाही. महिन्याभरात तो लांब पश्चिमेकडे, परक्या गावी यंत्रांच्या कारखान्यात निघून गेला. पंधरा वर्षांत दोनदा भेट झाली. दोन्ही वेळा आम्ही हवापाण्यावर बोललो.

झाडू मारायला ठेवणार नाही म्हणे!

माझ्या खुणेच्या खाली एक नागमोडी ओरखडा आहे. हत्यार घसरलं असणार, माझंच. तेव्हा कंपाचं कारणही नव्हतं, नुसता राग होता.

स्क्रूला हात लावला नाही. पट्टी परत बसवली.

१९ मार्च, गुरुवार

दिवसभर फोनकडे बघितलं. फोननेही माझ्याकडे बघितलं.

२१ मार्च, शनिवार

केला.

हिला म्हटलं, धाकट्याचा नंबर कुठे लिहून ठेवलाय का? ही भाजी निवडता निवडता वर न बघता बारा आकडे घडाघड बोलली. बायकांची स्मरणशक्ती विचित्र असते.

दुकानात येऊन फोन लावला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. तिकडे तीन तास मागे, म्हणजे सकाळचे दहा. एका घंटीतच उचलला.

"दादा?"

माझा आवाज ऐकण्याआधीच. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद हातात हलत होता आणि वाचता येत नव्हता. म्हणून एकदम कामाचंच विचारलं, "तुझ्याकडे बॅरोग्राफ आहे का चालू?"

"आहे."

"आत्ता काय करतोय?"

"वर टेकलाय," धाकटा म्हणाला. "आता थोड्या वेळात उतरायला लागेल. दहा वाजलेत ना."

मी माझ्या टेबलावर बघितलं. माझा टाक उंचवटा संपवून कधीच उताराला लागला होता. तीन तासांपूर्वी तो तिथे होता, जिथे आत्ता त्याचा होता. एकच लाट. माझ्या छतावरून गेली, रानं-डोंगर-पाणी सगळं ओलांडून आत्ता त्याच्या छतावर पोचली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तेव्हा नव्हतं. इथे आल्यावर वाचून कळलं. पंधरा वर्षं रोज दहाला बघतो, दादा. मनात म्हणतो, तीन तासांपूर्वी ही दादाकडे होती."

मला रडू आलं. आलं ते आलं, लिहायला लाज कसली. त्याला फोनवर दिसलं नसणार असं वाटतं. मी म्हटलं, "ते ग्रीस मी चुकीचं घातलं होतं. आणि बोललो तेही चुकलं."  तो म्हणाला, "ग्रीस फारच घातलं होतंस." आणि आम्ही दोघं हसायला लागलो, ते इतके की शिंपी मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला.

फोन ठेवताना म्हणाला, "डॉक्टरांनी सांगितलेलं पान लिहितोस ना रोज?" लिहितो म्हटलं. नंतर विचार करत बसलो, याला हे कुणी सांगितलं? बहुधा मीच बोलण्याच्या भरात बोलून गेलो असेन.

२३ मार्च, सोमवार

नवा कागद. उंचवटे आता दोषासारखे दिसत नाहीत. दहाला टाक वर टेकला की मीच घड्याळात बघतो, आज वेळेवर आहे ना. दुकानातली सगळी घड्याळं याच्यापुढे थापाडी आहेत.

धाकट्याला रोज दुपारी एकला फोन. कामाचाच असतो. आज अर्धा तास कामाचं बोललो, त्यातली पंचवीस मिनिटं त्याच्या मुलीच्या नोकरीचं. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणे. या वयात सगळ्यांचेच गुडघे जातात.

२६ मार्च, गुरुवार

धाकट्याचा कुरिअरने पाठवलेला कागद आला, गेल्या आठवड्याचा. माझ्या त्याच आठवड्याच्या कागदावर ठेवून खिडकीच्या काचेला लावला. स्थानिक वेळ जुळवली की उंचवट्यावर उंचवटा, दरीत दरी. फक्त बुधवारी माझ्याकडे यंत्र आडवं केलं तेवढा खंड, आणि त्याच्याकडे एक खड्डा जास्त, तिकडे वादळ होतं. बाईंना बोलावून दाखवलं. बाई बोलेनाशा झाल्या. ही घटना नोंद करून ठेवण्यासारखी.

मग शिंप्याकडे गेलो. जड जात होतं, शब्द दिल्यासारखाच होता. म्हटलं, बाबा रे, माफ कर, दुकान बंद करत नाही. हात कापतो, पण काम होतं. तुझी जागा गेली.

"कुठली जागा?" शिंपी म्हणाला.

"तू मोजून गेलास ती."

त्याने कपाटातून एक गठ्ठा काढला. निळे पडदे, एक दारासाठी, एक खिडकीसाठी. "वहिनींनी गेल्या महिन्यातच सांगून ठेवलं होतं. एक एप्रिलपासून दुकानाला नवे पडदे, जुने फाटलेत म्हणून. मी त्याचीच मापं घेतली."

घरी आल्यावर हिला विचारलं, तुला कसं ठाऊक होतं मी बंद करणार नाही म्हणून? ही म्हणाली, "मला कुठे ठाऊक होतं? पडदे फाटले होते."

२९ मार्च, रविवार

उद्या यंत्र प्रदर्शनाला जायचं. शेवटचं काम म्हणजे खूण. यंत्र घरीच घेऊन आलो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, तळाची पट्टी काढली, भिंग लावलं, सुई धरली.

साडेपाचला फोन वाजला. म्हटलं, मैत्रीण. पण हिने उचलला, दोन शब्द बोलली आणि माझ्या कानाला लावला, "तुमच्यासाठी आहे." धाकटा होता. हिच्या मैत्रिणीला आज लाइन लागली नसणार, पण हिच्या चेहऱ्यावर त्याचं काही दुःख दिसलं नाही.

"खूण करतोयस का?" त्याने विचारलं.

"आत्ताच सुई धरलीय."

"तुझ्या जुन्या खुणेखाली बघ काय आहे ते."

"ओरखडा आहे. माझं हत्यार घसरलं होतं."

"भिंग लावून नीट बघ."

लावलं. उजेडाकडे तिरकं धरलं. ओरखडा नव्हता तो. एका टोकाला सुरुवात, एक उंचवटा, एक दरी, दुसरा उंचवटा, आणि शेवटी अगदी बारीक धाकट्याची खूण. यंत्र शाळेत परत जायच्या आदल्या दिवशी, मी घरी जेवायला गेलो असताना केली होती म्हणे. "तोंड दाबलं होतंस त्याचं. म्हटलं, निदान पोटात तरी लिहून ठेवू."

पंधरा वर्षं ते त्या कपाटात माझ्या नावाखाली बसून होतं.

 ही पलीकडच्या खुर्चीवर बसली होती, तिने फोन माझ्या खांद्यावर नीट टेकवून धरला, म्हणजे माझे दोन्ही हात मोकळे. मी आजची तारीख कोरली, माझी खूण कोरली, आणि त्याच्या उंचवट्यांच्या शेजारी माझे दोन उंचवटे. हात कापत होता. कापू दिला. झाल्यावर भिंगातून बघितलं आणि धाकट्याला म्हटलं, "बिघडलं रे. थरथरलो. पहिला उंचवटा दुसऱ्यापेक्षा मोठा आला."

"बरोबर आलाय, दादा," तो म्हणाला. "सकाळचा मोठाच असतो."